नवजात बाळाची पापणी मिटत नसेल तर या चुका टाळा

बाळाच्या वरच्या पापणीला जन्मतः खाच आहे किंवा पापणी पुरती मिटत नाही, हे कळलं की घरात दोन प्रश्न निघतात. ग्रहणात काही कापलं-चिरलं होतं का? आणि ऑपरेशन कधी? ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. पहिल्या तिमाहीत पापण्या घडतानाच हा दोष राहून जातो. ऑपरेशनचं डॉक्टर ठरवतील. खाच मोठी असेल तर घाई, लहान असेल तर काही महिने थांबणंही चालतं. पण उघडं बुबुळ तोवर थांबत नाही. ते कोरडं पडतं, सोलवटतं, जखम चिघळून फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडतं. म्हणून आधी विचारायचं ते आज रात्रीचं.

बाळ गाढ झोपलं की बाजूने हलका उजेड धरून पाहा. फटीतून नुसतं पांढरं दिसलं तर सहसा घाबरायचं कारण नाही, पुष्कळ तान्ही बाळं अशी झोपतात. काळा भाग दिसला तर बुबुळ झोपेत उघडं राहतंय. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ओपीडीत बाळ रडत असतं, तिथे हे दिसत नाही.

डॉक्टर बहुधा दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि झोपताना मलम देतात. मलमाने चिकट होतं म्हणून रात्रीही थेंबांवरच भागवलं जातं, आणि इथेच घात होतो. थेंब थोड्या वेळात ओघळून जातात. मलम पापणीवर बाहेरून चोळूनही उपयोग नाही. खालची पापणी हलकेच ओढून आतल्या खोबणीत घालायचं, नळीचं टोक डोळ्याला न लावता. घरातले कुणाचे तरी उरलेले थेंब तर नकोच. त्यात स्टेरॉइड असलं तर जंतुसंसर्ग बळावतो.

डोळ्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी मारू नका. आत डोळा उघडला की कापूस थेट बुबुळावर घासतो, शिवाय झाकलेल्या डोळ्याची नजर घडत नाही. झाकायची वेळ आलीच तर डॉक्टर पारदर्शक आवरण सुचवतात.

काजळ, गुलाबपाणी, तूप, आईचं दूध यांतलं काहीही डोळ्यात नको. आजीबाई रागावतील, रागावू द्या. निफाड-सिन्नरकडच्या थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी असते. या बाळाला त्या धुरापासून दूर ठेवा. पंख्याचा झोतही तोंडावर नको.

पडलेल्या पापणीचं गणित उलटं. तिथे बुबुळ झाकलेलं असतं, पण बाहुलीच झाकली गेली तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणून चालत नाही. नजर कायमची मंद राहू शकते.

सतत पाणी येणं बहुतेकदा अश्रुनलिका बंद असल्यामुळे असतं आणि वर्षभरात आपोआप थांबतं. पण डोळा मोठा दिसतोय, उजेड सोसत नाही, बुबुळ धुरकट आहे, असं असेल तर जन्मजात काचबिंदूची शंका घ्यायची. पहिल्या काही दिवसांत पापण्या टम्म सुजून पू आला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठसारख्या दुर्गम भागात असाल तर आशाताईंना पहिल्याच भेटीत डोळा दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्या. निघताना मलम सोबत ठेवा, एवढ्या प्रवासात बाळ झोपणारच.