अमेरिकेत लॉ करून गरिबांचे खटले लढायचेत? मग पगाराची सोय अशी शोधा

अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये मोठ्या फर्म आपण होऊन मुलाखती घ्यायला येतात. घरमालकानं बाहेर काढलेल्या भाडेकरूंचे किंवा स्थलांतरितांचे खटले चालवणाऱ्या संस्था मात्र सहसा येत नाहीत. त्यांच्याकडे कामाचा डोंगर असतो, पण नव्या वकिलाला द्यायला पगार नसतो. ही अडचण भागवायला तिथे फेलोशिपची पद्धत रुळली आहे: तुम्ही काम करायचं संस्थेत, आणि पगाराचे पैसे यायचे तिसऱ्याकडून. तो तिसरा कोणी फाउंडेशन असेल, फर्म असेल किंवा तुमचंच लॉ स्कूल.

बहुतेक विद्यार्थी सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. आधी फेलोशिपची यादी काढतात, अंतिम तारखा लिहून घेतात आणि शेवटी संस्था शोधायला धावतात. क्रम नेमका उलटा हवा.

सुरुवात पहिल्या उन्हाळ्यापासून

पदवीनंतरची फेलोशिप देणारे पहिला प्रश्न विचारतात तो असा, की हे काम तुम्ही आधी केलंय का? त्यामुळे पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा वाया घालवू नका. या इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असतात, म्हणून तिथेही पैसे बाहेरूनच उभे करावे लागतात. सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे तुमच्या लॉ स्कूलचं उन्हाळी अनुदान. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांचीच एक संघटना वर्षातून एकदा लिलाव करते. त्यात प्राध्यापकांबरोबरचं जेवणसुद्धा बोलीला निघतं आणि जमा झालेल्या पैशातून अनुदानं वाटली जातात. काही शाळांत अनुदान हवं असेल तर या लिलावासाठी ठरावीक तास राबावं लागतं, तेव्हा ही चौकशी पहिल्याच सत्रात करून ठेवा. कामगारांच्या हक्कांत रस असेल तर अशा कामाच्या इंटर्नशिपना पैसे देणाऱ्या पेगी ब्राउनिंग फंडाकडे बघा. आर्थिक गरजेवर मिळणारा फेडरल वर्क-स्टडीचा, म्हणजे शिकता शिकता केलेल्या कामासाठी केंद्र सरकार देतं तो पैसाही काही शाळा अशा कामासाठी वापरू देतात, पण तो एफ-१ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही.

संस्था आधी, अर्ज नंतर

दोन मोठी नावं माहीत असायलाच हवीत. स्कॅडन फेलोशिप ही त्याच नावाच्या फर्मनं आपल्या चाळिसाव्या वर्धापनदिनानिमित्त 1988 साली सुरू केली. दुसरी इक्वल जस्टिस वर्क्स. ही संस्था 1986 मध्ये लॉच्या विद्यार्थ्यांनीच उभी केली, आणि तिच्या फेलोंचा खर्च फर्म, कंपन्या व फाउंडेशन उचलतात. दोन्ही फेलोशिप दोन वर्षांच्या, आणि दोन्हीकडे तुमचा प्रकल्प तुम्हीच मांडायचा. शिवाय यजमान संस्थेचा, म्हणजे जिथे तुम्ही काम करणार तिचा, होकार हातात असल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही.

अर्जाचा हंगाम साधारण तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास येतो. म्हणून संस्थेशी बोलणी दुसऱ्या वर्षाच्या वसंतातच सुरू व्हायला हवीत. संस्था दरवर्षी मोजक्याच उमेदवारांच्या पाठीशी उभ्या राहतात, काही तर एकाच्याच. त्यामुळे पहिली चाळणी संस्थेच्या दारातच लागते, फाउंडेशनचा नंबर नंतर. जिथे इंटर्नशिप केली तिथल्या वकिलाला सरळ ईमेल करा आणि 'तुमच्याकडे जागा आहे का' असं न विचारता 'तुम्हाला घ्यावेसे वाटतात, पण माणसाअभावी घेता येत नाहीत, असे खटले कोणते?' असं विचारा. उत्तरात तुमचा प्रकल्प अर्धा तयार मिळतो.

प्रकल्प डोळ्यांसमोर दिसला पाहिजे

सगळ्यात जास्त अर्ज इथेच गडगडतात. 'गरीब भाडेकरूंना न्याय मिळवून देण्याची मला तळमळ आहे' हे वाक्य निवड समितीनं हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहून बघा: 'आठवड्यातले दोन दिवस मी मुलांच्या दवाखान्यात बसेन. दम्याचं मूल आलं की डॉक्टर घरातल्या ओलीबद्दल आणि बुरशीबद्दल विचारतील. उत्तर होकारार्थी आलं तर त्या कुटुंबाला शेजारच्या खोलीत माझ्याकडे पाठवतील. डॉक्टरांचं पत्र जोडून मी घरमालकाला नोटीस देईन, आणि दुरुस्ती झाली नाही तर दावा लावेन.' आता तो वकील कुठल्या खुर्चीत बसतो, त्याच्याकडे कोण येतं, कोणता कागद निघतो, सगळं दिसतं. दवाखान्यात वकील बसवण्याची कल्पना नवी नाही, बॉस्टनमध्ये ती 1993 पासून चालू आहे. अगदी नवं काही शोधायची गरजही नसते. तुमच्या भागात ते काम आज कोणी करत नाही, एवढं दाखवता आलं तरी पुरतं.

गरज कायद्याच्या भाषेतही मांडा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1963 च्या गिडियन निकालानं फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळू लागला, दिवाणी खटल्यात तसा सर्वसाधारण हक्क नाही. न्यूयॉर्क शहरानं 2017 मध्ये गरीब भाडेकरूंसाठी वकिलाचा हक्क देणारा कायदा केला, पण बऱ्याच ठिकाणी असा कायदा नाही. तुमच्या शहरात काय स्थिती आहे ते दोन ओळींत यायला हवं.

आणि दोन वर्षांनंतर काय, हेही लिहा. फेलो निघून गेल्यावर काम बंद पडणार असेल तर पैसे देणारा कचरतो.

मोठ्या नावांच्या पलीकडे

पीएसजेडी या संकेतस्थळावर जनहित क्षेत्रातल्या नोकऱ्या आणि फेलोशिप शोधता येतात. स्थलांतरितांच्या कामासाठी न्यूयॉर्कमध्ये 2014 साली सुरू झालेली इमिग्रंट जस्टिस कोअर आहे. पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पैसा तुमच्याच लॉ स्कूलकडे असतो. पदवीनंतरच्या एक वर्षाच्या फेलोशिप बऱ्याच शाळा देतात आणि स्पर्धा फक्त आपल्याच वर्गमित्रांशी असते.

परदेशी विद्यार्थ्यांनी इथे थांबून वाचावं

एफ-१ वर शिकणाऱ्याला पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या कामाच्या परवान्याखाली साधारण 12 महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी वाढीव मुदत कायद्याच्या पदवीला मिळत नाही. फेलोशिप मात्र दोन वर्षांची! दुसऱ्या वर्षाचा व्हिसा संस्था प्रायोजित करील का, हे निवड झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही, पहिल्या बोलण्यातच विचारा. 'नाही' ऐकायला वाईट वाटेल, पण त्यातून एक सत्र तरी वाचतं.

कर्जाचं गणित

2007 च्या कायद्यानं पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस ही कर्जमाफीची योजना आली. सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत 120 पात्र मासिक हप्ते भरले की फेडरल डायरेक्ट कर्जाची, म्हणजे केंद्र सरकारनं थेट दिलेल्या शैक्षणिक कर्जाची, उरलेली रक्कम माफ होते. खासगी कर्ज यात बसत नाही. त्याशिवाय काही लॉ स्कूल कमी पगाराच्या माजी विद्यार्थ्यांचे हप्ते भरायला स्वतंत्र मदत देतात. तिचे नियम शाळेगणिक बदलतात, म्हणून प्रवेश घेण्याआधीच ते मागवून वाचलेले बरे.

आता एक बारीक गोष्ट. ही माफी तुमचं पद बघत नाही, मालक कोण ते बघते. पैसे कुठल्या फर्मनं दिले याला महत्त्व नाही, पगारपत्रकावर नाव कोणाचं, हे महत्त्वाचं. म्हणून ऑफर आली की सही करण्याआधी संस्थेच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा: माझा कायदेशीर मालक कोण, आरोग्यविमा कोण देणार, बार परीक्षेची (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेची) फी आणि निकालाआधीच्या महिन्यांचा पगार यांचं काय. उत्तर ईमेलवर आलं की ते जपून ठेवा. पुढे कर्जमाफीसाठी नोकरीचा दाखला भरून घेताना तेच उपयोगी पडतं.