एटीव्हीवरून शिकारीला जाताना या चुका टाळा

अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम भागात परवाना काढून एल्क (उत्तर अमेरिकेतलं मोठ्या आकाराचं हरीण) आणि इतर हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये एक वाद दर हंगामात रंगतो. एटीव्ही, म्हणजे रानवाटांवर चालणारी चार चाकांची छोटी उघडी गाडी, असली की शिकार मिळण्याची शक्यता वाढते की घटते? गाडीवाला म्हणतो, हिच्याशिवाय एवढ्या आत पोचलोच नसतो. पायी जाणारा म्हणतो, तुझ्या गाडीनेच सगळं रान उठवलं. दोघांचंही म्हणणं खरं आहे, कारण दोघं शिकारीच्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलतायत. मुक्कामाचं सामान आत नेताना आणि सावज पडल्यावर मांस बाहेर काढताना एटीव्ही मोठं काम करते. मधल्या वेळेत, म्हणजे सावज शोधताना आणि त्याच्याजवळ जाताना, ती बहुतेक वेळा नुकसानच करते. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हा मधला टप्पा न ओळखल्यामुळे होतात.

इंजिन बैठकीपर्यंत नेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

ओरेगन राज्याच्या पूर्व भागात, ला ग्रँड गावाजवळ, स्टार्की नावाचं प्रायोगिक जंगल आहे. सुमारे १०,००० हेक्टर रानाला तिथे उंच कुंपण घातलेलं आहे आणि आतल्या एल्क व म्यूल डिअर (लांब कानांचं हरीण) यांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या हालचाली नोंदवल्या जातात. २००२ मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला. ठरलेल्या वाटांवरून कधी एटीव्ही, कधी सायकली, कधी पायी माणसं तर कधी घोडेस्वार पाठवायचे आणि जनावरं काय करतात ते पाहायचं. चारही प्रकारांत एल्क सगळ्यात जास्त हलले ते एटीव्हीमुळे. ज्या दिवशी एटीव्ही फिरत, त्या दिवशी त्यांचा चालण्यात जाणारा वेळ वाढे आणि चरण्याचा वेळ घटे. याच जागेच्या नोंदींवरून केलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं, की एटीव्ही १,००० मीटरपेक्षा लांब असतानाही एल्क तिला प्रतिसाद देत होते. गाडी लांब असली तरी जनावर गाडीवाटेच्या जवळ असेल तर पळण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे त्यांना धोका नुसत्या आवाजात वाटत नाही. ती वाटही त्यांच्या लक्षात असते.

आता हे आपल्या सकाळीला लावून बघा. पहाटे अंधारात तुम्ही खिंडीपर्यंत गाडी नेली, इंजिन बंद केलं, दोनशे मीटर चालून बैठक धरली आणि उजाडायची वाट बघत बसलात. तुमच्या दृष्टीने शिकार आत्ता सुरू झाली. पलीकडच्या खोऱ्यात चरत असलेल्या कळपाच्या दृष्टीने ती गाडी चढ चढत असतानाच संपली. बरं, कळप दरवेळी धडपडत पळतोच असं नाही. तो शांतपणे झाडीत शिरतो. तुम्हाला काहीच दिसत नाही आणि तुम्ही समजता, इथे जनावर नव्हतंच. चूक लक्षात न येण्याचं कारण हेच आहे.

उपाय अंतराचा आहे आणि अंतरापेक्षाही आडोशाचा. गाडी बैठकीपासून निदान दीड किलोमीटर अलीकडे थांबवा आणि मध्ये एखादी डोंगरधार राहील अशी जागा निवडा. उघड्या खोऱ्यात दोन किलोमीटरवरचं इंजिनही स्पष्ट ऐकू येतं. मध्ये भरभक्कम धार असेल तर त्यापेक्षा कमी अंतरही चालून जातं. थंड, निवांत पहाटे दरीत गार हवा साचलेली असते तेव्हा आवाज नेहमीपेक्षा लांब जातो, हेही हिशेबात धरा. शक्य असेल तर उजाडायच्या बऱ्याच आधी पोचा, म्हणजे रान पुन्हा शांत व्हायला वेळ मिळेल.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. तासभर इंजिनावर बसून आल्यावर आपलेच कान काही काळ बधिर असतात. चालत गेलेल्या माणसाला जी चाहूल लागते ती तुम्हाला लागत नाही. गाडी चालवताना कानात बोळे घाला आणि उतरल्यावर थोडा वेळ नुसता कानोसा घेत बसा.

गाडीवर बसून सावज शोधणं

रस्त्यावरून सावकाश फिरायचं, वळणावळणावर दुर्बीण लावायची, दिसलं तर उतरायचं. यात कधीमधी जनावर मिळतं आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. उघड्या रस्त्यांची दाटी जास्त असेल तिथे एल्क मारले जाण्याचा धोका वाढतो, हे आयडाहोच्या क्लिअरवॉटर खोऱ्यातल्या अभ्यासातही दिसलं होतं. मग रस्ते आणि गाड्या शिकाऱ्याच्या फायद्याच्याच झाल्या, असं कुणी म्हणेल. हंगामाच्या पहिल्या दिवसांत ते खरंही असतं. पण रस्त्याकडेला मारली जातात ती कोणती जनावरं?

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एल्कना जीपीएस पट्टे लावून याचं उत्तर शोधलं गेलं. जास्त हिंडणारी आणि उघड्यावर येणारी जनावरं शिकाऱ्यांच्या हाती लागली. कमी हलणारी, आडोशाला राहणारी वाचली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात तर माद्या वयाबरोबर शिकत जातात असं दिसलं. वय वाढेल तसं त्या हिंडणं कमी करतात, अवघड उतारांचा आसरा घेतात, आणि साधारण दहा वर्षांचं वय गाठलेल्या माद्या शिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ लागतच नव्हत्या.

म्हणजे गाडीवरून दिसणारी जनावरं पहिल्या काही दिवसांत संपतात किंवा शहाणी होतात. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही त्याच रस्त्यावर फेऱ्या मारत असाल, तर पेट्रोल जाळण्यापलीकडे काही होत नाही. फेऱ्या मारायच्याच असतील तर हंगामाच्या आधी, उन्हाळ्यात मारा. पाणवठे, चरण्याच्या जागा, जुन्या वाटा पाहून ठेवा. आणि रान वाचायला शिकायचं असेल तर त्यातलेही काही दिवस पायीच जा, कारण गाडीच्या वेगात लेंडी, खूर आणि झाडावर शिंग घासल्याच्या खुणा दिसत नाहीत.

सगळी जनावरं एकसारखी वागतात असं धरून चालणं

स्टार्कीच्या त्याच प्रयोगात म्यूल डिअर एल्कएवढे हलले नाहीत. यावरून हरणांना गाडीचं काही वाटत नाही असा निष्कर्ष काढू नका. हरीण बऱ्याचदा पळण्याऐवजी दाट झाडीत दबून राहतं. ते जागेवर असेल, पण तुम्हाला दिसणार नाही. अशा वेळी गाडी सोडून, वारा तोंडावर घेऊन, चार पावलं टाकायची आणि थांबायचं असा शोध उपयोगी पडतो.

शेतजमिनीतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची गोष्ट वेगळी आहे. तिथे ट्रॅक्टर आणि एटीव्ही रोजच्याच असतात. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी जाणाऱ्या गाडीकडे ती फारसं लक्ष देत नाहीत, उलट पायी माणूस दिसला की शेपटी वर करतात. त्यामुळे जोडीदाराने मचाणापाशी सोडून न थांबता पुढे निघून जायचं, ही युक्ती अशा ठिकाणी चालते. इंजिन मचाणाखाली बंद केलंत की तिचा सगळा फायदा गेला, कारण नेहमीची गाडी तिथे थांबत नाही. हीच युक्ती डोंगरातल्या एल्कवर करायला गेलात तर फसाल.

वाऱ्याचा विचार फक्त स्वतःपुरता करणं

बैठक निवडताना वारा पाहणारा माणूसही गाडी उभी करताना तो पाहत नाही. डोंगरात ऊन चढलं की हवा उताराने वर जाते आणि संध्याकाळी खाली उतरते. संध्याकाळच्या बैठकीसाठी गाडी वरच्या अंगाला उभी केली, तर धूर आणि पेट्रोलचा वास सरळ तुमच्या खोऱ्यात उतरतो. टाकी आदल्या दिवशीच भरा. त्यासाठी वापरलेले हातमोजे गाडीवरच ठेवा.

नियम मागच्या वर्षीचेच असतील असं समजणं

अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांमध्ये २००५ च्या नियमानुसार मोटारगाड्या फक्त नेमून दिलेल्या वाटांवर चालवता येतात. त्या वाटा त्या वनाच्या मोटार वापर नकाशावर छापलेल्या असतात आणि हा नकाशा मोफत मिळतो. वाट कोणत्या प्रकारच्या गाड्यांना आणि वर्षाच्या कोणत्या काळात खुली आहे तेही त्यावर असतं. नकाशावर नसलेली वाट बंद समजायची, मग तिथे फाटक किंवा पाटी नसली आणि चाकोऱ्या स्पष्ट दिसत असल्या तरी. १९६४ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या वाइल्डरनेस क्षेत्रांत तर कोणतीच मोटार नाही, सायकलसुद्धा नाही.

त्यावर राज्यांचे नियम वेगळे. आयडाहोत काही ठराविक विभागांत ३० ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या काळात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी गाडी फक्त अशाच रस्त्यांवर चालते जिथे पूर्ण आकाराची मोटार जाऊ शकते. म्हणजे एरवी एटीव्हीला खुली असलेली पायवाट शिकारीसाठी बंद. कोलोरॅडोत एटीव्हीवर रायफल किंवा शॉटगन नेताना चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी हवीत आणि बंदूक पूर्ण झाकणाऱ्या कव्हरात हवी. पडलेलं सावज आणायला वाटेबाहेर गाडी नेण्याची सूट काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी ठराविक अंतरापर्यंतच मिळते आणि पुष्कळ ठिकाणी मुळीच नाही. परवाना हातात पडला की दोन्ही गोष्टी वाचा, राज्याची नियमपुस्तिका आणि वनाचा नकाशा. एकावर भागत नाही.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. ज्या खोऱ्यात गाड्या जात नाहीत तिथेच हंगामाच्या शेवटापर्यंत जनावरं टिकून राहतात. ते बंद फाटक तुमचंही काम करत असतं.

मांस घाईत आणि चुकीचं लादणं

इथे एटीव्ही खरोखर उपकार करते. मोठ्या नर एल्कची मागची एक तंगडी हाडासकट सहज ३० किलोच्या वर भरते आणि सप्टेंबरच्या उन्हात मांस वेगाने खराब होतं. पण गाडी जवळ आहे म्हणून अख्खं धूड तसंच चढवून तासभर हिंडणं ही मोठी चूक आहे. जाड कातड्याखाली उष्णता कोंडून राहते, विशेषतः मांड्यांच्या हाडाभोवती, आणि मांस आतून नासायला लागतं. आधी कातडी काढा, तुकडे करा, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगा, निवल्यावर लादा. एक्झॉस्टच्या बाजूला मांस येऊ देऊ नका. तुकडे करताना नर-मादीची खूण मांसाला जोडलेली ठेवायचा नियम बऱ्याच राज्यांत आहे, तो विसरू नका.

लादण्याची मर्यादा गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. पुढच्या कॅरिअरवर सहसा मागच्यापेक्षा कमी वजन चालतं. सगळं ओझं मागे टाकून चढ चढलात तर पुढची चाकं उचलतात आणि गाडी मागे तुमच्या अंगावर येते. धूड ओढायची वेळ आली तर दोर खालच्या हुकाला बांधा, वरच्या कॅरिअरला कधीही नाही, कारण ओढ वरून बसली की गाडी तशीच मागे उलटते. आडव्या उतारावरून ओझं नेऊ नका. उतरताना लो गिअर आणि इंजिनाचा ब्रेक वापरा. दोन फेऱ्या कराव्या लागल्या तरी चालेल.

अडचण आली तर

*बैठक चांगली आहे, खुणा ताज्या आहेत, पण उजेडात काहीच दिसत नाही.* जनावर बहुधा रात्री येऊन जातंय. दोन-तीन दिवस त्या बाजूला गाडी अजिबात नेऊ नका, पायी दुसऱ्या अंगाने या. तरीही फरक नाही पडला तर खुणा जिथून झाडीत शिरतात तिथपर्यंत माग काढा आणि बैठक तिकडे हलवा.

*दुसऱ्या कुणाची एटीव्ही ऐन वेळी आली.* उठून जाऊ नका. आधीच नकाशावर पाहून ठेवा, की त्या रस्त्यावरून आवाज आला तर कळप कोणत्या झाडीकडे सरकेल आणि मधली खिंड कुठली. गाड्यांची वर्दळ असलेल्या रानात मी बैठक निवडतो ती अशा सुटकेच्या वाटांवर. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे बसायला विशेष अर्थ असतो.

*ओढा ओलांडल्यावर इंजिन गुरगुरतं पण गाडी पुढे सरकत नाही.* इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या बेल्टच्या खोक्यात पाणी गेलंय आणि बेल्ट घसरतोय. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग थोडा वर-खाली करून बेल्ट वाळू द्या. खोक्याला पाणी काढायचं बूच असेल तर ते उघडा. ओल्या बेल्टवर जोर लावलात तर तो जळतो.

*डोंगरावर गाडी दम टाकते.* कार्ब्युरेटरच्या गाड्यांना उंचीवर विरळ हवेत पेट्रोल जास्त होतं. त्यासाठी जेट (पेट्रोल मोजून सोडणारा छोटा भाग) बदलावा लागतो आणि ते काम घरूनच करून यायचं. फ्युएल इंजेक्शनची गाडी मिश्रण आपोआप जुळवते, तरी उंचीवर तिचीही ताकद कमी होतेच.

*थांबल्यावर गवत जळल्याचा वास येतो.* लगेच गाडी उघड्या मातीवर न्या, इंजिन बंद करा आणि एक्झॉस्टभोवती अडकलेलं सुकं गवत काठीने काढा. हंगामाच्या सुरुवातीला रान वाळलेलं असतं, तेव्हा ही तपासणी प्रत्येक थांब्यावर करा आणि पाण्याची बाटली व लहान फावडं हाताशी ठेवा.