टांझानिया सफारी + झांझिबार : आधी जंगल, मग बीच

सेरेंगेटीचं जंगल आणि झांझिबार बेट एकत्र करताय तर सफारी आधीच ठेवा, कारण तिथे पहाटे पाचला उठून दिवसभर जीपमध्ये धूळ खायची असते, त्यानंतर बीचवर लोळायला जी मजा येते ती उलट क्रमात येत नाही. सेरेंगेटीतल्याच सेरोनेराच्या मातीच्या धावपट्टीवरून छोटी विमानं झांझिबारला जातात, पण सामान साधारण 15 किलोच, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सुटकेस घेत नाहीत बरेचदा. गडद निळे-काळे कपडे जंगलात नकोच, त्सेत्से माश्या त्यावर बरोब्बर येऊन बसतात आणि चावतात पण जबरी.

बीचचं हॉटेल बुक करताना फोटोंवर जाऊ नका हां. पूर्वेला पाजे, जांबियानीला ओहोटीला समुद्र इतका आत जातो की पोहायचं सोडून चालतच बसावं लागतं, पोहायचंच असेल तर उत्तरेला नुंगवी किंवा केंडवा बघा. झांझिबारचा 44 डॉलरचा विमा वेगळा काढावा लागतो, आपला ट्रॅव्हल इन्शुरन्स असला तरीही. आणि एप्रिल-मे स्वस्त दिसतं ते धो धो पावसामुळे, बरेच कॅम्प तेव्हा बंदच असतात.