मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट: घरी ताण लावण्याआधीची तयारी

कार्बोरेटरवाली मारुती ८०० आणि ओम्नी यांत ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, सहा व्हॉल्व्हचं एफ८बी इंजिन असतं. घरच्या पान्यांनी टायमिंग बेल्टचा (पिस्टनांनी फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा) ताण बिनचूक लावता येईल अशा मोजक्या इंजिनांपैकी हे एक. त्यात ताण ठरवते ती टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकीची, छोटी स्प्रिंग. तिला मोकळेपणी ओढू द्यायचं आणि तिने टेन्शनर जिथे आणून ठेवला तिथेच तो आवळायचा. म्हणून टेन्शन मीटर लागत नाही. आणि म्हणूनच पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने टेन्शनर दाबून बेल्ट ‘थोडा कडक’ करण्याची जी रीत सर्रास दिसते, ती इथे चूक आहे. खालची सगळी तयारी स्प्रिंगच्या वाटेतले अडथळे काढण्यासाठी आहे.

काम रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण गार इंजिनवर करायचं. इंजिन तापलं की हेड आणि ब्लॉक फुगतात, पुल्यांमधलं अंतर किंचित वाढतं आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. गरम असताना बरोबर वाटलेला बेल्ट थंडीत ढिला निघतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा, गिअर न्यूट्रलमध्ये, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने सीट उचलून जागा मोकळी करून घ्या आणि उजेडाची सोय आधीच बघा, कारण खुणा तिरक्या नजरेने पाहिल्या तर एका दात्याची चूक सहज होते.

हाताशी ठेवायच्या वस्तू: १० आणि १२ मिमीचे रिंग पाने व सॉकेट, क्रँकच्या मधल्या बोल्टावर नीट बसणारा सॉकेट आणि लांब हँडल, प्लगपाना, चपटा स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पांढरा रंग किंवा व्हाइटनर, सुती फडकी, आणि सामान तोलायचा लटकता काटा. काट्याचं काम पुढे येईल. सुट्या भागांत नवा बेल्ट, टेन्शनर, टेन्शनरची स्प्रिंग आणि रॉकर कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट. स्प्रिंग बदलण्यात लोक कंजुषी करतात, पण सगळा ताण तिच्यावरच अवलंबून आहे. जुनी आणि नवी शेजारी ठेवून पाहा. जुनी लांब झालेली दिसली किंवा वेटोळ्यांत फट दिसली तर तिने लावलेला ताण कमीच असणार.

नवा बेल्ट पाकिटातून काढल्यावर मुडपू नका, उलटा करू नका, दोरीने बांधून खुंटीला टांगू नका. आतले धागे एकदा मोडले की बाहेरून काही दिसत नाही आणि बेल्ट तिथेच तुटतो. टेन्शनर हातात धरून फिरवा: खरखर लागली किंवा आडवा हलला तर नको. तो पेट्रोल-रॉकेलमध्ये धुवू नका, सीलबंद बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. जुन्या बेल्टवर तेलाचा किंवा पाण्याचा माग असेल तर कॅमचं सील, क्रँकचं सील किंवा वॉटर पंप यांपैकी काय गळतंय ते आधी शोधा. गळती तशीच ठेवून ताण लावण्यात अर्थ नाही.

आता उघडायचं. फॅन बेल्ट, क्रँकची बाहेरची पुली, बेल्टचं बाहेरचं कव्हर. पुली बाजूच्या छोट्या बोल्टांवर सुटत असेल तर मधला मोठा बोल्ट ढिला करू नका. तो फक्त क्रँक फिरवायला वापरायचा आहे. तिन्ही प्लग काढून ठेवा, म्हणजे कॉम्प्रेशनशी झुंजावं लागत नाही आणि क्रँक हळू, एकसारखा फिरतो. फिरवायचा तो नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पुलीच्या बाजूने बघताना. उलट फिरवला की ढिलाई नको त्या बाजूला जाते. कॅम पुलीच्या बोल्टावर पाना लावून इंजिन फिरवणं तर पूर्ण वर्ज्य.

खुणा दोन जोड्या. कॅम पुलीवरची खूण आतल्या कव्हरवरच्या खुणेसमोर, आणि क्रँकच्या दातेरी पुलीवरची ठोक्याची खूण ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर. क्रँकच्या बाहेरच्या पुलीवरची खाच इग्निशन टायमिंगची आहे, तिच्यावर बेल्ट बसवू नका. चारही खुणा पुसून त्यांवर पांढरा ठिपका द्या. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून रोटर कुठे बघतो तेही टिपून ठेवा. जुना बेल्ट उतरवण्याआधी स्प्रिंगची दोन्ही टोकं कुठे अडकली आहेत याचा फोटो घ्या.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि बेल्टचा ताण चुकण्याचं मुख्य कारण तेच आहे. रॉकर कव्हर काढून सहाही टॅपेटचे (व्हॉल्व्हची फट लावायच्या स्क्रूंचे) लॉकनट ढिले करा आणि स्क्रू पूर्ण मागे घ्या. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला एका बाजूला ढकलून धरतात, आणि त्यांच्यापुढे टेन्शनरच्या छोट्या स्प्रिंगचं काही चालत नाही. कॅम अडकलेला असेल तर बेल्ट आज ताठ दिसतो. गाडी सुरू झाली, कॅम जागेवर आला की तोच ढिला पडतो. टॅपेट सुटले की कॅम बोटाने हलतो आणि बेल्टच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. या वेळी व्हॉल्व्ह उघडतच नसल्याने क्रँक फिरवताना पिस्टन त्यांवर आदळायचीही भीती राहत नाही.

टेन्शनर बसवताना त्याच्या पट्टीचं टोक टेन्शनरच्या भोकात गेलं पाहिजे. पट्टी हलवल्यावर टेन्शनर त्याच दिशेने हलत नसेल तर काढून पुन्हा बसवा. टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड (आट्यांचा छोटा दांडा) अजून फक्त हाताने, पट्टी सरकेल इतकेच. पट्टी वर ढकलून धरा, खुणा जुळलेल्या ठेवा आणि बेल्ट असा चढवा की टेन्शनर नसलेली बाजू आधी सरळ ताठ होईल. उरलेली ढिलाई सगळी टेन्शनरकडे आली पाहिजे. मग स्प्रिंग अडकवा आणि हात काढून घ्या.

आता क्रँक घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे. तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो आणि बेल्ट प्रत्येक दात्यात बसून ढिलाई स्प्रिंगकडे जाते. दोन फेऱ्यांनी खुणा पुन्हा समोरासमोर आल्या तरच आवळायचं, तेही क्रमाने: आधी स्टड, मग बोल्ट. उलट केलं तर बोल्टाच्या पिळाबरोबर पट्टी सरकते आणि स्प्रिंगने लावलेला ताण बिघडतो.

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) नसेल तर तो लटकता काटा काढा. बोल्टाच्या मध्यापासून हँडलवर २० सेंटीमीटरवर खूण करा, तिथे काटा अडकवा आणि हँडलला काटकोनात ओढा. स्टडला सुमारे ११ न्यूटन-मीटर हवेत, म्हणजे काट्यावर साडेपाच किलो. बोल्टाला सुमारे २७, म्हणजे १४ किलो. काटा तिरका ओढला तर आकडा खरा राहत नाही. स्टड नाजूक असतो. अंदाजाने आवळण्यात मोडतो तो बहुधा हाच.

बेल्ट दोन बोटांनी ९० अंश पिळून पाहण्याची कसोटी खूप सांगितली जाते. ती फोक्सवॅगनच्या जुन्या आठ व्हॉल्व्हच्या ईए८२७ घराण्यासारख्या, हाताने एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या आसाचा) टेन्शनर फिरवून ताण लावायच्या इंजिनांची आहे. एफ८बीवर तिच्या आधाराने स्प्रिंगचं काम दुरुस्त करायला जाऊ नका. आवळल्यावर पुन्हा दोन फेरे द्या, खुणा पाहा. अर्ध्या दात्याचा फरक दिसला तर टेन्शनर नसलेल्या बाजूला ढिलाई राहिली आहे: बेल्ट उतरवून पुन्हा चढवायचा, पुली ओढून जुळवायची नाही.

टॅपेट परत लावताना गॅप थंड इंजिनवर ०.१५ मिमीच्या आसपास, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून. प्रत्येक सिलिंडर त्याच्या कॉम्प्रेशनच्या टोकावर (पिस्टन सर्वांत वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असण्याच्या जागी) आणून मगच गेज घाला. फायरिंगचा क्रम १-३-२. मग गॅस्केट, कव्हर, पुली, फॅन बेल्ट, प्लग, बॅटरी.

सुरू केल्यावर कव्हरकडे कान द्या. वेग वाढवताना चढत जाणारी बारीक शीळ म्हणजे ताण जास्त, आणि असं चाललं तर टेन्शनरचं बेअरिंग लवकर जातं. आयडलवर कव्हरला फटफट लागत असेल तर बेल्ट ढिला आहे. इंजिन तिथेच बंद करा, कारण जोरात एक्सलरेटर दिला की दाता उडतो. दोन्ही आवाज नसतील तर इंजिन तापू द्या, बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि रॉकर कव्हरच्या कडेने तेल पाझरून बेल्टच्या कव्हरवर उतरतंय का ते फडक्याने पुसून पाहा.