मुंबईच्या दोन खोल्यांत पोपट सांभाळताना

दुकानात जायच्या आधीच एक गोष्ट पक्की करा. आपला हिरवा, गळ्याला गुलाबी कंठ असलेला मिठू घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो संरक्षित आहे. त्याला विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळाच गुन्हा. कोणी पिशवीत झाकून पिल्लू दाखवलं तरी घेऊ नका, ते झाडाच्या ढोलीतून ओरबाडून आणलेलं असतं. पावसात पडलेला किंवा मांजात अडकलेला सापडला तर वनविभागाच्या १९२६ या नंबरावर फोन करा.

मग पाळायचा कोणता? बजी (बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून मिळतो तो छोटा रंगीत पोपट), कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला पोपट) किंवा गुलाबी तोंडाचा खरा लव्हबर्ड. आफ्रिकन ग्रे, सन कॉन्युर या परदेशी पोपटांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, विकणाऱ्याकडे कागद मागा. पहिल्यांदाच पाळणाऱ्याला मी कॉकाटीलच सांगते. बोलण्यापेक्षा शीळ घालण्यात तो रमतो, आणि माणसाच्या खांद्यावर बसायला त्याला मनापासून आवडतं. पण नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगी पाचवीत आहे म्हणून आणणार असाल, तर ती नोकरीला लागेल तेव्हा त्याचं कोण करणार, हे आजच ठरवा.

पिंजरा उंच नको, रुंद हवा. पक्षी आडवा उडतो. निदान दोन फूट रुंद, आणि गजांमधून डोकं जाणार नाही असा. जस्ताचा मुलामा असलेली स्वस्त जाळी टाळा, कुरतडून जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून टाका. एकाच जाडीच्या दांडीवर दिवसरात्र बसून तळपायांना जखमा होतात. पेरूची फांदी आणा, औषध न मारलेल्या झाडाची. धुऊन कडक उन्हात वाळवा आणि सालीसकट लावा. आमचा कॉकाटील चिंटू ती साल सोलत दुपारभर बसतो.

जागा हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला टेकलेली. गॅलरीत नको, तिथे कावळे आहेत, मांजर आहे, पावसाची झड आहे. स्वयंपाकघरात तर मुळीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात आणि आपल्या घरात स्वयंपाकघर ते हॉल अंतर ते किती! नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. आपल्याला वाससुद्धा येत नाही. आमच्या लालबागच्या घरात म्हणून बिडाचा तवा आणि स्टीलच्या कढया. डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, रूम फ्रेशनर बंद. सासूबाईंचा संध्याकाळचा धूप हा जरा नाजूक विषय होता. त्या वेळी चिंटूला आतल्या खोलीत नेऊन दार लावायचं आणि हॉलची खिडकी उघडायची, असं ठरलं. आता धुपाटणं हातात घेण्याआधी त्याच हाक मारतात, "सूनबाई, आधी त्याला आत ने गं." गणपतीत कापूर, दिवाळीत फटाक्यांचा धूर, तेव्हाही हेच.

पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी छताचा पंखा बंद आणि खिडक्यांना जाळी. यात घरातल्या कोणालाही सूट नाही.

खाण्यात नुसते दाणे घातले की काम झालं असं समजू नका. सूर्यफुलाच्या बिया त्यांना फार आवडतात, पण त्यात चरबी भरपूर, म्हणून बक्षीस म्हणून दोन-चार. रोज राळा, बाजरी, आणि सोबत किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मोड आलेले मूग. हिरवी मिरची बिनधास्त द्या, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, सफरचंदाच्या बिया, खारं फरसाण कधीच नाही. पाहुणे प्रेमाने चहात बुडवलेलं बिस्कीट पुढे करतात, त्यांनाही स्पष्ट सांगा. पावसाळ्यात दाणे थोडेच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कुबट वास आला की सगळे फेका, बुरशी जिवावर बेतते. ओलं खाणं दोन तासांत उचला. पाणी दिवसातून दोनदा बदला. झोप दहा-बारा तास लागते, तेव्हा रात्रीच्या मालिका त्याच्याजवळ नकोत. कॉकाटील अंधारात दचकून फडफडतो, एक मंद दिवा राहू द्या.

पक्षी आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसला तो संपला, ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. म्हणून रोज सकाळी बघायचं. पिंजऱ्याखाली वर्तमानपत्राचा साधा कागद घाला, म्हणजे विष्ठा नीट दिसते: हिरवट-तपकिरी वेटोळं, त्यावर पांढरा भाग, भोवती थोडं पाणी. रंग किंवा पातळपणा दिवसभर बदललेला राहिला तर लक्ष द्या. मग वजन. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर मी राळ्याचं कणीस धरते, चिंटू चालत येऊन वर चढतो आणि खाईपर्यंत आकडा स्थिर होतो. साधारण नव्वद ग्रॅमचा पक्षी ऐंशीवर आला तर तो खेळताना दिसत असला तरी डॉक्टरकडे न्यायचा. पिसं फुगवून तळाशी बसलाय, श्वासागणिक शेपटी वरखाली होतेय, खाणं सोडलंय, अशा वेळी उद्यावर ढकलू नका.

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी बघतोच असं नाही. आपल्या भागात कोण बघतं ते पक्षी आणायच्या आधी विचारून ठेवा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पक्ष्यांवर उपचार होतात. नेताना छोटा पिंजरा घ्या, त्यावर सुती ओढणी टाका, टॅक्सीचा एसी बंद करायला सांगा, आणि त्या दिवसाचा पिंजऱ्याखालचा कागद घडी करून पिशवीत घ्या. डॉक्टर तो आधी मागतात.