ग्रुपमधले आबा आजारी पडले तर: डायलिसिसवरच्या रायडरला सोबत कशी करायची

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, कुठलाही बाईक ग्रुप घ्या, त्यात एखादे आबा नाहीतर बापू असतातच. साठी-सत्तरी उलटलेली, घरात जुनी बुलेट किंवा येझदी, कन्नड घाटात पावसाळ्यात खडी कुठे वाहून येते ते पाठ, आणि नवीन पोराची गाडी रस्त्यात बंद पडली की सगळ्यात आधी थांबणारे तेच. असा माणूस आजारी पडला की पहिल्या आठवड्यात घरी नुसती गर्दी होते, दारात चपला काढायला जागा नसते, आणि दोन महिन्यांनी बघाल तर कोणीच नसतं. मुद्दाम करत नाही कोणी, प्रत्येकाला शेती आहे, दुकान आहे, नोकरी आहे, पण आजार तर तिथेच बसलेला असतो ना. मी हे लिहितोय ते त्या पुढच्या महिन्यांसाठी.

आमच्या आबांच्या किडन्या गेल्यात, वर्षानुवर्षांची शुगर आणि बीपी, आता आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त साफ करणं, चालू आहे. त्यामुळे खाली जे आहे ते जास्त करून किडनीच्या पेशंटचं आहे. हार्टचा किंवा दुसरा काही आजार असेल तर पथ्यपाणी वेगळं असणार, आणि किडनीतसुद्धा प्रत्येकाचे रिपोर्ट वेगळे असतात म्हणून खाण्याचं-औषधाचं सगळं त्यांच्या डॉक्टरांना आणि डायटिशियनला विचारूनच करायचं.

पहिलं काम म्हणजे घरच्यांशी बोलायला ग्रुपमधला एकच माणूस ठरवा. आबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दिवसभर फोन येत राहिले आणि प्रत्येकाला क्रिएटिनिन, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमधला किडनीचा आकडा, किती आलं ते परत परत सांगावं लागलं तर ती मदत नाही, त्रास आहे. ठरलेला माणूस बोलेल, तोच ग्रुपवर एक मेसेज टाकेल, विषय संपला. आणि "काही लागलं तर सांगा हं काकू" हे वाक्य तर बोलूच नका, कारण आपल्याकडची माणसं मरेपर्यंत सांगणार नाहीत काही लागतंय म्हणून. त्यापेक्षा सरळ सांगा, मंगळवारी दळण मी नेतो, गुरुवारी सकाळी साडेसहाला मी गाडी घेऊन दारात आहे. काम आणि वार दोन्ही ठरवून सांगितलं की समोरच्याला संकोच वाटत नाही.

मग ड्युटी लावा. डायलिसिस साधारण 4 तास चालतं, त्यात जाणं-येणं, वजन, सुया लावणं, शेवटी सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून बसणं, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. एक जण सोडायला, एक जण आणायला अशी विभागणी केली तर कोणाचीच पूर्ण सुट्टी जात नाही. आणायला मात्र फोरव्हीलर लागेल, हे मी आग्रहाने सांगतो, कारण डायलिसिसनंतर बीपी खाली येतं, चक्कर येते, पाय लटपटतात, अशा माणसाला गाडीवर मागे बसवायचं म्हणजे धोका आहे. ग्रुपमध्ये कोणाकडे कार नसेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून ठेवा. सोबत शाल न्या, कारण आत एसी असतो आणि मशीनवर पेशंटला थंडी वाजते, बाहेर 45 डिग्री असलं तरी.

हाताचं नीट समजून घ्या, इथे चांगली चांगली माणसं चुकतात. डायलिसिससाठी एका हातात धमनी आणि शीर एकमेकांना जोडून फिस्टुला केलेला असतो. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, घट्ट घड्याळ नाही, पिशवी उचलू द्यायची नाही, आणि प्रेमाने तोच हात धरून ओढत पायऱ्या चढवायच्या नाहीत. फिस्टुला चालू असला की बोटांना थरथर लागते, बुलेट आयडलिंगवर असताना टाकीवर तळवा ठेवला की लागते ना, तशीच बारीक. घरच्यांनी रोज बघायची ती, आणि ती थांबली असं वाटलं तर सकाळची वाट न बघता लगेच सेंटरला फोन. फिस्टुला अजून तयार नसेल तर मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असतो, तो भिजवायचा नाही आणि आपल्याला सर्दी-खोकला असेल तर आपण त्या दिवशी जायचंच नाही, ड्युटी बदलून घ्यायची.

आता खाण्यापिण्याचं. आपला भाग केळीचा, रावेर-यावलकडचा मित्र कोणाच्याही घरी जाताना केळीची फणी घेऊनच जाणार, आणि नेमकं केळंच किडनीच्या पेशंटला चालत नाही. केळ्यात पोटॅशियम असतं, निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे अचानक होतं. नारळपाणी तर त्याहून वाईट, "आजारी माणसाला ताकद येईल" म्हणून लोक हमखास तेच नेतात. मोसंबीचा ज्यूस, खजूर, सुकामेवा, टोमॅटोचं सूप, हे सगळं त्याच यादीत. बाजारात कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, "मीठ कमी करा" सांगितलंय म्हणून कोणी ते आणून दिलं तर केवढा घोटाळा होईल बघा. आपण रायडर लोक उन्हाळ्यात सॅडल बॅगमध्ये ओआरएसची पुडी ठेवतो, त्यातही पोटॅशियम असतं, आबांना थकवा वाटला म्हणून ती घोळून द्यायची नाही. टूलकिटमधली पेनकिलरची पट्टीही नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा किडनी साफ करणारा काढा तर अजिबात नाही, कितीही मानाच्या माणसाने पाठवलेला असला तरी. काही न्यायचंच असेल तर काकूंना विचारून न्या, बऱ्याच जणांना थोडं सफरचंद चालतं.

पाण्याचं सगळ्यात अवघड. लघवी कमी झालेली असते, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, फुफ्फुसात पाणी गेलं की दम लागतो. डॉक्टर दिवसाचं पाणी मोजून देतात आणि त्यात चहा, वरण, ताक, आमटी सगळं धरायचं असतं. जळगावच्या मे महिन्यात असं मोजून पाणी पिणं काय असतं ते आपण ग्लासच्या ग्लास रिचवणाऱ्यांना कळणार नाही. म्हणून त्यांच्यासमोर बसून गार बाटली तोंडाला लावू नका. बर्फाचा छोटा खडा तोंडात धरायला दिला की तहान भागते आणि पाणी कमी जातं, पण तोसुद्धा मोजातच. मीठ जास्त झालं की तहान वाढते, म्हणून पापड, लोणचं, बाहेरची झणझणीत शेवभाजी हे पाण्याचेच दुश्मन समजा. भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर आबांचा जीव आहे, आम्ही ते परस्पर न नेता डायटिशियनला विचारायला लावलं, किती चालेल, कधी चालेल, मिठाचं काय. विचारून खाल्लेल्या दोन घासांचं समाधान वेगळं असतं, मागून धाकधूक नाही.

आणि रविवार सांभाळा. सोमवार-बुधवार-शुक्रवार असा नंबर असेल तर शुक्रवारनंतर थेट सोमवार, मधला गॅप आठवड्यातला सगळ्यात मोठा, पाणी आणि पोटॅशियम दोन्ही तेव्हाच साचतं. नेमका रविवार म्हणजे आपला राईडचा दिवस, परत येताना सगळे आबांकडे टेकतात, चहा होतो, काकू आग्रहाने पोहे करतात, आबाही सगळ्यांच्या सोबतीने दोन कप घेतात. रविवारी जा, जरूर जा, पण चारपाच जण जा, अर्धा तास बसा, आणि आबांचा कप लहान ठेवा. पंधरा गाड्यांचा ताफा दारात लावून फोटो काढण्यापेक्षा हे बरं.

आता गाडी. आजारी माणसाची गाडी पत्र्याखाली धूळ खात उभी राहिली की तो माणूस रोज ती बघतो आणि काही बोलत नाही. तिची जबाबदारी ग्रुपने घ्यायची, पण आधी विचारून. आबा पहिल्यांदा म्हणाले होते, "मन्ही गाडीले कोनी हात लावू नका," आम्ही गप्प बसलो, काही दिवसांनी त्यांनीच एका पोराला हाक मारली. जुनी बुलेट, गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, नव्या पोरांचे पाय तिथेच गोंधळतात. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच सांगत होते, पेट्रोलचा कॉक उघड, डिकॉम्प, म्हणजे इंजिनातली दाबलेली हवा सोडणारा लिव्हर, तो दाब, अ‍ॅमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा मधोमध येऊ दे, आता सोड आणि एकच किक, पूर्ण. तिसऱ्या किकला गाडी लागली. लगेच आबांनी मान तिरकी केली, "टॅपेट वाजतंय." मग इंजिन गार झाल्यावर टॅपेटचं झाकण काढायला लावलं आणि पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी आतली दांडी, दोन बोटांत धरून फिरवायला सांगितला, हलका फिरला पाहिजे पण वरखाली खुळखुळ नको. तासभर एकदाही आजाराचा विषय निघाला नाही. सोबत म्हणजे मला हे वाटतं, माणसाला जे येतं ते त्याला विचारायला जाणं, खोटं खोटं नाही, खरंच शिकायला.

गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली गरम होईपर्यंत फिरवा, जागेवर दोन मिनिटं चालू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि बॅटरी उतरतेच. उभी करताना डबल स्टँडवर, कॉक बंद. महिना-दोन महिने फिरणारच नसेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा, टाकी भरून ठेवा म्हणजे आतून गंज धरत नाही. इन्शुरन्स, पीयूसी बघा, आणि 15 वर्षं झालेल्या गाडीची आरसी दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. अजून एक, ग्रुपमध्ये नियमच करा की आबांच्या गाडीची किंमत कोणी विचारायची नाही. आजारी माणसाच्या जुन्या बुलेटवर डोळा ठेवून येणारे खूप असतात, "नाहीतरी आता चालवणार कोण" म्हणतात, हे ऐकणाऱ्याच्या काळजाला लागतं. विकायची असेल तर ते स्वतः सांगतील.

स्वतः चालवायचं की नाही हा प्रश्न येणारच. शुगरच्या पेशंटच्या पायाची संवेदना कमी होते, ब्रेकवर पाय किती दाबला ते कळत नाही, वर डायलिसिसचा थकवा. डॉक्टर नाही म्हणाले तर ते आबांना चारचौघांत, सुनेसमोर, मुलासमोर सांगू नका. त्यांच्या वयाचा, त्यांच्याबरोबर चालवलेला एखादा जुना रायडर असेल त्याने एकट्याने बसून बोलायचं. आणि नुसतं "बंद करा" नाही, पुढे काय तेही सांगायचं. डॉक्टरांनी हो म्हटलं तर डायलिसिस नसलेल्या मधल्या दिवशी, थंडीतल्या सकाळी, मागे बसवून जळगावच्या मेहरुण तलावापर्यंत चक्कर मारता येते, चालवणारा अनुभवी हवा, फिस्टुलाचा हात मोकळा, हेल्मेट दोघांना. लांबची राईड असेल तर आबा कारमध्ये, आम्ही गाड्यांवर. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला असं जमतं, गाडी बऱ्यापैकी जवळ जाते आणि सावली आहे.

पैशांचं लवकर आणि उघड बोला. आधी योजना बघायच्या मग वर्गणी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच भेटा. वय 70 पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, 2024 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर. 2016 पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे, त्यात गरीब कुटुंबांचं डायलिसिस जिल्हा रुग्णालयात मोफत होतं. या रांगा लावायला धडधाकट माणूस लागतो, तिथे ग्रुपचा खरा उपयोग. त्यावरही कमी पडलं तर वर्गणी काढा, पैसे थेट मेडिकलच्या किंवा हॉस्पिटलच्या बिलात भरा, हिशोब काकूंना दाखवा, आणि पाकीट देतानाचा फोटो कृपा करून काढू नका.

एक प्लास्टिकची फाईल करा, त्यात रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, ब्लड ग्रुप, कोणत्या हातात फिस्टुला, आणि ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर असायला पाहिजे ते वजन. त्याचे फोटो ड्युटीवाल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पाहिजेत. आडवं पडल्यावर दम लागणं, छातीत धडधड, हातापायातली ताकद एकदम जाणं, थंडी वाजून ताप, यातलं काही झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट बघायची नाही, 108 लावा. फिस्टुलातून रक्त वाहायला लागलं तर मोठा टॉवेल गुंडाळत बसू नका, नेमक्या जागेवर बोटाने घट्ट दाबा, हात वर धरा आणि तसंच दाबून हॉस्पिटल गाठा. फिस्टुलाच्या कामासाठी नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचं असेल तर पावसाळ्यात घाटाचा भरवसा धरू नका, 2021 च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. निघायच्या आधी चाळीसगावच्या मित्राला फोन करून रस्ता विचारा, डायलिसिसचा वार चुकेल असं नियोजन कधीच करू नका.

काकूंचा वार वेगळा लावा. आठवड्यातली एक दुपार आबांजवळ ग्रुपमधला कोणीतरी बसेल आणि काकू बाहेर पडतील, बाजार, बहिणीकडे, देवळात, नाहीतर नुसत्या शेजारच्या खोलीत दार लावून झोपतील. पहिल्यांदा त्या नको म्हणतील. ग्रुपमधल्या कोणाची तरी बायको किंवा आई जाऊन बोलली तर ऐकतात. आमच्याकडे हा वार शनिवारचा आहे, आणि दिवाळी-अक्षय्य तृतीयेला सगळे आपापल्या गावी जातात तेव्हा शनिवार मोकळा पडू नये म्हणून त्या महिन्याच्या ड्युट्या आम्ही आधीच लिहून काढतो.