सव्वा की साडे: सौद्याच्या कालव्यात भाव कसा ऐकायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी म्हणून माझी तीस वर्षं गेली. हंगामात नवा पोरगा कामाला लागला की हमखास विचारतो, "काका, एवढ्या कालव्यात आपल्याच हळदीचा भाव कसा ऐकू येतो तुम्हाला?" त्याला सांगतो ते इथं लिहितो.

आधी उभं कुठं राहायचं ते बघा. आपला पुकारणारा आणि शेजारच्या दुकानाचा पुकारणारा एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. एक डावीकडं, एक उजवीकडं हवा. डावीकडचा आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिरानं पोचतो, जरा दबून पोचतो. मेंदूला दोघं वेगळे काढायला तेवढं पुरतं. सर्दीनं एका कानात दडा बसला की हे गणित बिघडतं. त्या दिवशी मी वही दुसऱ्याकडं देतो.

सौद्याआधी पुकारणाऱ्याशी दोन शब्द बोला, चहाचं विचारा. त्याची पट्टी कानात बसते. एका पट्टीतले, एकदम सुरू होणारे आणि एकदम थांबणारे आवाज मेंदू एकाच माणसाच्या खात्यावर चढवतो, आमच्या खतावणीसारखे. २०१२ साली मेसगरानी आणि चँग या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवून दोन आवाज एकदम ऐकवले. मेंदूतल्या नोंदी ज्याच्याकडं लक्ष, त्याच्याच बोलण्याशी जुळल्या.

पण खरी मेख भावात आहे. सव्वाचौदा म्हणजे क्विंटलला १४,२५० रुपये, साडेचौदा म्हणजे १४,५००. दहा क्विंटलला अडीच हजारांचा फरक! गोंगाटात स्वर तगतात, व्यंजनं बुडतात. म्हणून तोंडाकडं बघा. 'सव्वा'ला खालचा ओठ वरच्या दातांकडं जातो, 'साडे'ला तोंड उघडंच राहतं, 'पावणे'ला आधी ओठ मिटतात. धूळ कितीही उडो, पुकारणाऱ्याला तोंडावर रुमाल बांधू देऊ नका.

एकदा मी फसलोच. ऐन भावाला शेजारचा हमाल खोकला आणि मी साडेचौदा लिहून मोकळा. होता सव्वाचौदा. गंमत म्हणजे मला 'साडे' अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. वॉरन नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० मध्ये हेच दाखवलं होतं. वाक्यातला एक ध्वनी कापून तिथं खोकला भरला, तरी लोकांना शब्द पुरा ऐकू आला; खोकला नेमका कुठं होता तेही सांगता येईना. मेंदू भोक बुजवतो, आणि बुजवतो आपल्या अंदाजानं. त्या आठवड्यात भाव साडेचौदाच चालला होता, म्हणून मला तेच ऐकू आलं.

तेव्हा भावावर खोकला, शिंक, हॉर्न आला की परत विचारायचं. व्यापारी वैतागतो, वैतागू दे. फक्त "साडेचौदा ना?" असं विचारू नका, त्या कालव्यात तोही नुसती मान हलवतो. "कितीनं?" एवढंच विचारा आणि त्याच्या ओठांकडं बघा.